‘सेट’चा मूळ अर्थ ‘संच’ नाही, ‘बसवणे’

इंग्रजी ‘सेट’ या शब्दाच्या अर्थांवरच्या या चर्चेत वर कुणी म्हटलंय की त्याचा मूळ अर्थ संच आणि बाकीचे अर्थ त्यातून फुटले. ते पटत नाही. ‘सेट’ हे क्रियापद जुन्या इंग्रजीतल्या ‘सेट्टन’वरून आलं, म्हणजे बसवणे, ‘सिट’चं (बसणे) प्रयोजक रूप. संच या अर्थाचा सेट जुन्या फ्रेंचमधून आला, त्याचं मूळ लॅटिन ‘सेक्टा’. दोन वेगळे शब्द, कालांतराने एकमेकांत मिसळले. ऑक्सफर्ड इंग्रजी शब्दकोशाच्या १९८९ च्या आवृत्तीत एकट्या क्रियापदाचे ४३० च्या आसपास अर्थ दिलेत.

आपल्याकडेही बसणे-बसवणे तसंच आहे की. गणपती बसवतात, नाटक बसवतात, दात बसवतात, विहिरीवर मोटर बसवतात. आणि आमच्या तासगाव भागात आणखी एक अर्थ रोजच्या बोलण्यात आहे, तो इथे कुणीच लिहिला नाही: द्राक्षाचं ‘मणी सेटिंग’. फळछाटणीनंतर फुलोरा येतो, फुलं झडतात, त्यातला मणी टिकून धरला की ‘सेटिंग झालं’ म्हणायचं. त्या दिवसांत पाऊस लागला तर गळ आणि कुज होते, म्हणून घरात सगळ्यांचा जीव टांगणीला लागलेला असतो. माझ्या वडिलांना इंग्रजी येत नव्हतं, पण हा शब्द त्यांनी आयुष्यभर अगदी अचूक वापरला.