सही केली ना, मग भोगा? अमेरिकेतल्या सबप्राईम कर्जांबद्दल

साधासरळ:
२००८ च्या मंदीचा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतंच, अमेरिकेत लोकांनी ऐपत नसताना घरं घेतली, भोगा आता. मला नाही पटत. तेव्हा सबप्राईममध्ये, म्हणजे पत कमी असलेल्यांना चढ्या व्याजाने द्यायच्या कर्जांत, २/२८ नावाचं कर्ज धडाधड विकलं जायचं, म्हणजे ३० वर्षांतली पहिली २ वर्षं व्याज ठरलेलं, पुढची २८ बाजाराप्रमाणे. २ लाख डॉलर ७ टक्क्यांनी घेतले तर हप्ता साधारण १३३० डॉलर, आणि तिसऱ्या वर्षी दर १० टक्के झाला की तोच १७४० च्या आसपास. पगार तेवढाच! दुसरीकडून स्वस्त कर्ज काढून हे फेडायला जावं तर बऱ्याचदा मुदतीआधी फेडल्याचा दंड.

रोखठोक:
असहमत. कागदावर लिहिलेलं होतं की सगळं. उत्पन्नाचा पुरावा न देता आकडा फुगवणारे पण होतेच ना, त्या कर्जांना तिथे लायर लोन, म्हणजे खोटारड्यांचं कर्ज, उगाच नाही म्हणायचे. काहींनी तर भाव वाढले की विकू म्हणून दोन-दोन तीन-तीन घरं घेतली. सगळे बिचारे नव्हते.

साधासरळ:
फुगवणारे होते, मान्य. पण बऱ्याच अर्जांत तो आकडा दलालच भरायचा, कर्ज झाल्याशिवाय त्याला कमिशन कुठून? आणि खरी मेख पुढे आहे, गिऱ्हाईक ज्या दराला पात्र आहे त्यापेक्षा चढा दर गळ्यात मारला तर कर्ज देणारी कंपनी दलालाला वरून पैसे द्यायची, यील्ड स्प्रेड प्रीमियम म्हणून. म्हणजे आपला माणूस समजून ज्याच्यापुढे कागद ठेवले तोच आपलं व्याज वाढवून कमावतोय.

हिशेबी_ताई:
+१. वेल्स फार्गो बँकेवर अमेरिकन न्याय खात्याचा आरोप हाच होता की चांगल्या कर्जाला पात्र असलेल्या कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक लोकांना सबप्राईममध्ये ढकललं. २०१२ मध्ये १७.५ कोटी डॉलर देऊन मिटवलं, चूक कबूल न करता. कंट्रीवाइड या गृहकर्ज कंपनीचं असंच प्रकरण २०११ मध्ये ३३.५ कोटींना मिटलं. या लोकांची ऐपत होती हो!

रोखठोक:
भेदभाव केला तिथे बँक दोषीच, त्यात वाद नाही. पण १९७७ चा कम्युनिटी रीइन्व्हेस्टमेंट कायदा आणून गरीब वस्त्यांत कर्ज द्या म्हणून मागे कोण लागलं होतं? सरकारच ना?

हिशेबी_ताई:
आलं का हे परत 🙂 तिथल्या मध्यवर्ती बँकेने, फेडरल रिझर्व्हने, तपासलं तेव्हा कमी उत्पन्नाच्या लोकांना किंवा वस्त्यांत दिलेल्या महाग कर्जांपैकी जेमतेम ६ टक्के या कायद्यातल्या बँकांनी आपापल्या ठरलेल्या भागात दिलेली निघाली. २००७ मध्ये बुडालेल्या न्यू सेंच्युरी या सबप्राईम कर्ज कंपनीला तर हा कायदा लागूच नव्हता.

रोखठोक:
बरं, तो मुद्दा सोडला. पण २०१० च्या डॉड-फ्रँक कायद्याने चढ्या दरावरचं कमिशन बंद केलं, फेडायची ऐपत तपासणं सक्तीचं केलं, छान. आता ज्याची कमाई अनियमित आहे त्याला बँक दारात उभं करत नाही, मग तो जातो कॉन्ट्रॅक्ट फॉर डीडकडे, म्हणजे थेट विकणाऱ्यालाच हप्ते भरून घर घ्यायच्या कराराकडे, तिथे शेवटचा हप्ता भरेपर्यंत घर विकणाऱ्याच्याच नावावर, आणि थोडे हप्ते चुकले की घरही गेलं, भरलेले पैसेही गेले. हे बरं का?

साधासरळ:
बरं कसलं, हा सापळा तर १९५०-६० च्या दशकात शिकागोत कृष्णवर्णीयांना बँका कर्ज देत नव्हत्या तेव्हापासूनचा. म्हणून बँकेला परत मोकळं सोडा असं नाही ना होत. निदान तो करार सरकारदप्तरी नोंदवायची तरी सगळीकडे सक्ती हवी, कित्येकदा तो नोंदवलेलाच नसतो, आणि घरावर विकणाऱ्याचं आधीचंच कर्ज आहे हे घेणाऱ्याला कळतं ते थेट जप्तीची नोटीस दारावर लागल्यावर.