मदत हवी आहे: ब्रेक पेडल हळूहळू खाली बसतंय

२०१४ ची पेट्रोल हॅचबॅक, एबीएस (चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) नाही. द्वारका सिग्नलला ब्रेक दाबून उभं राहिलं की पेडल हळूहळू पार मॅटला टेकतं. दोनदा पंप केलं की पुन्हा कडक. ब्रेक ऑइल कमी होत नाही. चारही चाकं आतून कोरडी, मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलणारा पंप) आणि बूस्टर (इंजिनच्या व्हॅक्यूमवर पेडल हलकं करणारा डबा) यांच्या जोडावर बोट फिरवलं तर तेही कोरडंच. पॅड नवे, मागचे लायनर अ‍ॅडजस्ट केलेत, डॉट-४ ब्रेक ऑइल भरून दोनदा लाइनमधली एअर काढली. फरक शून्य.

मेकॅनिक बूस्टर बदला म्हणतोय. पण इंजिन बंद असतानाही पेडल तसंच बसतं, मग बूस्टरचा काय संबंध? मला मास्टर सिलिंडरच्या आतले रबर गेल्याचा संशय आहे. गाडी सध्या उभीच ठेवलीय, कसारा घाट तर लांबच राहिला.

नुसतं रबर किट टाकून भागेल, की अख्खा सिलिंडरच बदलावा?