घरच्या सर्किटांसाठी बेसिक: उपयोगाची की नुसतं स्मरणरंजन?

तांब्याची_तार

परवा एका व्हॉट्सॅप ग्रुपवर कुणीतरी विचारलं, "गच्चीवरच्या टाकीसाठी लेव्हल कंट्रोलर करतोय, प्रोग्रॅमिंग येत नाही, कुठून सुरुवात करू?" मी म्हटलं, बेसिक या जुन्या प्रोग्रॅमिंग भाषेपासून. लगेच हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. एकाने तर "काका, अजून फ्लॉपी वापरता का?" म्हणूनही विचारून घेतलं. तिथे वाद घालण्यात अर्थ नव्हता, म्हणून इथे घालतो.

ज्याचा हात सोल्डरिंग आयर्नवर बसलाय पण ज्याला सॉफ्टवेअरमध्ये पोट भरायचं नाही, त्याला बेसिकइतकी सोयीची भाषा आजही नाही. रास्पबेरी पाय पिको या छोट्या मायक्रोकंट्रोलर बोर्डवर एमएमबेसिक हा बेसिकचा अवतार चढवा. (ऑस्ट्रेलियाच्या जेफ ग्रॅहम यांनी २०११च्या मॅक्सिमाइट या घरी जोडायच्या संगणकासाठी केलेला हा इंटरप्रिटर, म्हणजे लिहिलेली ओळ तिथल्या तिथे चालवणारा प्रोग्रॅम, फुकट मिळतो.) मग चिपच तुमच्याशी बोलायला लागते. एका ओळीत पिनला आउटपुट करायचं, दुसऱ्या ओळीत 'पिन बरोबर १' लिहून एंटर मारायचं, की एलईडी लागला. कंपाइल नाही, अपलोड नाही. डीएस१८बी२० हा तापमानाचा सेन्सर जोडला तर त्याचं वाचन घ्यायला भाषेतच फंक्शन आहे, लायब्ररी (दुसऱ्याने लिहिलेला तयार कोड) शोधावी लागत नाही.

डॉसच्या काळात बेसिकमध्ये 'आउट ८८८, २५५' (८८८ हा पोर्टचा पत्ता) लिहिलं की प्रिंटर पोर्टच्या २ ते ९ या आठही पिनांवर व्होल्टेज यायचं. ८८९ वाचलं की बाहेरचं बटण दाबलंय का ते कळायचं. त्यावर लोकांनी स्टेपर मोटरी फिरवल्या, ईप्रॉम या मेमरी चिपमध्ये कोड भरणारे प्रोग्रॅमर बनवले. पुढे विंडोज एक्सपीने थेट पोर्टला हात लावणं बंद केलं आणि मग लॅपटॉपवरून पोर्टच गेलं. यूएसबी टू पॅरलल केबल आणून कुणी ८८८ शोधत असेल तर थांबा, ती केबल फक्त प्रिंटरशी बोलते. तर ती हातघाईची मजा एवढ्या वर्षांनी पिकोवर परत मिळाली आहे. बोला.

नल_पॉइंटर

असहमत. आर्डुइनो हा सीसारख्या भाषेत प्रोग्रॅम करायचा बोर्ड २००५पासून आहे आणि तुम्ही आणाल त्या सेन्सरची लायब्ररी कुणीतरी आधीच लिहून ठेवलेली असते. तापमान वाचणारं फंक्शन भाषेत आहे हे ठीक, पण उद्या बुधवार पेठेतून एखादा वेगळा मॉड्यूल आणलात तर? डेटाशीट उघडून रजिस्टरं वाचत बसणार का तो टाकीवाला? आणि अडला तर विचारणार कुणाला? त्याच्या पुतण्याला सी येतं, शेजारच्या डिप्लोमाच्या पोरीला सी येतं. बेसिक येणारा माणूस शोधायला त्याला तुमच्याकडेच यावं लागेल.

शिवाय एडस्गर डायक्स्ट्रा या नामवंत संगणकशास्त्रज्ञांनी १९७५ सालीच बेसिकबद्दल काय म्हटलंय ते सगळ्यांना ठाऊक आहे. आधी ती शिकलेल्याला चांगलं प्रोग्रॅमिंग शिकवणं जवळपास अशक्य, असा त्यांचा सूर होता.

गोटो_गणपतराव

डायक्स्ट्रा आले का? मी वाटच बघत होतो. त्यांचा राग ओळ क्रमांक आणि गोटो (अमुक ओळीवर उडी मार) असलेल्या बेसिकवर होता. एमएमबेसिकला ओळ क्रमांक लागत नाहीत, सबरूटीन आहेत, लोकल व्हेरिएबल आहेत, न सांगता व्हेरिएबल वापरलं तर अडवणारा पर्याय आहे. १९७५ची शिवी आजच्या भाषेला कशी लागू?

फळा_आणि_खडू

जरा मागे जाऊ. बेसिक १९६४ साली अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात जॉन केमेनी आणि थॉमस कर्ट्झ यांनी केली ती विज्ञान न शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनाही संगणक वापरता यावा म्हणून. त्यामुळे "खऱ्या प्रोग्रॅमरची भाषा नाही" हा आरोप नसून तोच तिचा उद्देश आहे.

पण धागाकर्त्यांशीही पूर्ण सहमत नाही. १९८४पासून आपल्याकडे क्लास या सरकारी संगणक साक्षरता प्रकल्पात शाळांना बीबीसी मायक्रो हे बेसिकवर चालणारे ब्रिटिश संगणक मिळाले. त्या यंत्राला आठ ओळींचा यूझर पोर्ट होता, चार वाहिन्यांचं अ‍ॅनालॉग इनपुट होतं आणि ते वाचायला बेसिकमध्ये शब्दही होता. टाकीचा कंट्रोलर करायला याहून काय लागतं? आमच्या शाळेत चपला बाहेर काढून एसी खोलीत जायचं आणि स्वतःचं नाव दहा वेळा छापून परत यायचं. पोर्टला वायर लावणं सोडा, यंत्राच्या पोटाखाली तो आहे हेसुद्धा कुणी सांगितलं नाही. हाताशी बेसिक असून इलेक्ट्रॉनिक्स कुणाला आलं नाही. भाषेला एवढं श्रेय देऊ नका.

सर्पमित्र

सगळे एक गोष्ट विसरताय. त्याच पिकोवर मायक्रोपायथन, म्हणजे पायथन भाषेचं छोटं रूपही चालतं आणि तिथेही थेट टाइप करून पिन हलवता येते. म्हणजे "चिपच बोलते" हा मुद्दा बेसिकचा उरतच नाही. वर पायथन शाळेतही शिकवतात आणि नोकरीतही चालतं. मग बेसिक कशासाठी?

तांब्याची_तार

@सर्पमित्र, हा खरा आक्षेप. उत्तर देतो. पायथनमध्ये एलईडी लावायच्या आधी मॉड्यूल आयात करा, पिनचा ऑब्जेक्ट बनवा, मग त्याची मेथड बोलवा. तुम्हाला हे सवयीचं आहे. ज्याला रिलेच्या कॉइलला उलटा डायोड का लावतात ते बरोबर कळतं पण ऑब्जेक्ट म्हणजे काय ते कळत नाही, त्याच्यासाठी या तीन पायऱ्या आहेत. दुसरं, एमएमबेसिकच्या पिकोला चार-दोन रेझिस्टर लावून व्हीजीए मॉनिटर आणि कीबोर्ड जोडता येतो. एडिटरही चिपमध्येच. लॅपटॉप न उघडता वर्कबेंचवर फ्रीक्वेन्सी मोजणारं, तापमानाची नोंद ठेवणारं हत्यार तयार. माझ्याकडे असंच चालतं.

@नल_पॉइंटर, लायब्ररीचा मुद्दा मान्य, तिथे आर्डुइनोला तोड नाही. पण तुमच्या नवशिक्याने डिले (थांबण्याची आज्ञा) टाकला की त्याचं बटण काम करेनासं होतं, मग त्याला मिलिसची (चालू झाल्यापासूनच्या मिलिसेकंदांची) वजाबाकी शिकवावी लागते. इथे "दर ५०० मिलिसेकंदांनी हे सबरूटीन चालव" ही एक ओळ आहे.

थ्रीफेज

मी शेतीपंपाचे ऑटो स्टार्टर करतो. एटीमेगा८ या चिपवर बासकॉम हा बेसिक कंपायलर वापरतो. विकत न घेता ४ केबीपर्यंत कोड चालतो, त्यात माझं सगळं बसतं. तुमचा हा वाद वाचून गंमत वाटली. कॉन्टॅक्टर (मोटरचा मोठा रिले) खटकन पडला की चिप रीसेट होते, तेव्हा सी आणि बेसिक दोन्ही सारखेच आडवे होतात. चिप वेगळी ठेवायला ऑप्टोकपलर टाका, झटका शोषायला कॉइलवर आरसी स्नबर टाका, अडकलेली चिप रीसेट करणारा वॉचडॉग चालू ठेवा.

आणि टाकीवाल्याला आधी हे सांगा: पाण्यात दोन सळ्या सोडून कायम डीसी देऊ नकोस, एक सळी खाऊन जाईल. वाचायचं तेवढ्याच क्षणी व्होल्टेज द्यायचं आणि दर वेळी ध्रुव उलटा करायचा. दोन पिना लागतात. बेसिकमध्ये सात-आठ ओळी.

नल_पॉइंटर

सीमध्येही सात-आठच. आणि बासकॉम एकाच कंपनीचं, फक्त विंडोजवर चालणारं. उद्या कंपनीने गाशा गुंडाळला तर तुमचे स्टार्टर कोण दुरुस्त करणार?

थ्रीफेज

मीच. नाहीतर जीसीबेसिक आहे, तो फुकट आणि मुक्त स्रोत, पिक आणि एव्हीआर (एटीमेगाचं कुटुंब) या दोन्ही चिपांवर चालतो. आजवर एकाही शेतकऱ्याने "हे कुठल्या भाषेत लिहिलंय" विचारलेलं नाही. रात्री वीज आली की मोटर चालू होते का, एवढंच विचारतात.

सर्पमित्र

वायफायचं काय मग? मोबाइलवर टाकी दिसायला हवी असेल तर?

तांब्याची_तार

वायफायवाल्या पिको डब्ल्यूसाठी एमएमबेसिकचंच वेबमाइट आहे, चिपवरूनच वेबपान दाखवतं. पण खरं सांगायचं तर टाकी भरली की बझर वाजला, काम झालं. मोबाइलवर टाकी बघून करणार काय?

सर्पमित्र

ऑफिसात बसून मोटर बंद करणार! घरी कुणी नसतं हो दिवसभर.

थ्रीफेज

कंट्रोलर कशासाठी लावलाय मग?