तो आवाज कुणाच्या बोलीत बोलतो?

काही चुकलं की आपल्याला रागावणाऱ्या आतल्या आवाजाला हाकलून लावा असं काहीजण सांगतात, ते मला नाही पटत, मी दोन वर्षं तेच केलं आणि तो जास्तच जोरात बोलायला लागला. तो कुठल्या भाषेत बोलतो हे ऐकून बघा ना. मी अमळनेरकडची, दिवसभर शाळेत प्रमाण मराठी, पण काही चुकलं की आतून अहिराणीच येते, "तुले काहीच जमत नही", अगदी आजीच्या सुरात! १९७२ चा दुष्काळ अंगावर काढलेली बाई ती, पोरं मागे पडतील या भीतीनेच रागवायची, हे कळलं आणि त्या आवाजाची धारच गेली.

आणि स्वकरुणा, म्हणजे चुकल्यावर स्वतःला समजून घेणं, हे स्वतःचे लाड असं काहीजण म्हणतात, तसं नाहीये. मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिन नेफ यांनी २००३ मध्ये स्वकरुणेचे तीन भाग मांडले, स्वतःशी मायेनं वागणं, चुका सगळ्यांच्याच होतात याचं भान, आणि मनातलं न वाढवता न दाबता बघणं. मला मधलंच सगळ्यात जड जातं. हल्ली तो आवाज आला की छातीवर हात ठेवते, एक सावकाश श्वास, आणि अहिराणीतच सांगते, "हां माय, आयकं मी".