मे महिन्यात तळ्यातला रोहू आमिषाला शिवत नाही

प्रश्न: कुडाळजवळचं तळं, पाणी उतरून जेमतेम आठ फूट. पहाटे मासे वर येऊन तोंड वासतात, पण तळाशी सोडलेल्या कणकेला हात लावत नाहीत. काय बदलू?

गळकरी: दादा, ती भूक नव्हे, दम कोंडलाय. शेवाळ रात्रभर ऑक्सिजन खातं, त्यामुळे उजाडायच्या आधी तो सगळ्यात कमी असतो. ऊन चढून तासभर झाला की बसा, नाहीतर संध्याकाळी. वारा ज्या काठावर लाटा आणून आपटतो तो काठ धरा. तळ सोडून फ्लोटवर, म्हणजे दोरीला बांधलेल्या तरंगत्या खुणेवर, तीन-चार फुटांत आमिष ठेवा.

कच्ची कणीक कोमट पाण्यात लगेच विरते. दोन वाट्या शेंगदाणा पेंड, एक वाटी कणीक, मूठभर भाताचा कोंडा घट्ट मळून दहा मिनिटं वाफवा. बोटाला चिकटला तर अजून कोंडा घाला. गोळी वाटाण्याएवढी, गळ आठ नंबर, तंगूस (नायलॉनची दोरी) ०.२८ मिमी. गळाचं टोक किंचित उघडं ठेवा. पूर्ण बुजवलं की ओढ लागूनही मासा सुटतो.

तळेकाठ: रोहू रुसला तर मरळ बघा की! ती हवेतूनही श्वास घेते, म्हणून तिला या पाण्याचं काही वाटत नाही. रबरी बेडूक पाणवनस्पतीच्या कडेने थांबत-थांबत ओढा. झडप पडली की लगेच हिसका नको, दोरीवर वजन जाणवू दे. तांबूस पिल्लांचा थवा दिसला तर तिथे गळ टाकू नका, आईबाप राखणीला असतात.

गळकरी: आणि तळ्याचा ठेका कुणाकडे आहे ते आधी ग्रामपंचायतीत विचारा. पहिल्या पावसात चढणीला लागलेले, म्हणजे प्रवाहाविरुद्ध वर निघालेले मासे गाभोळीचे (अंडी भरलेले) असतात, तेव्हा ओहोळाच्या तोंडाशी बसू नका.