मदत हवी आहे: लिस्बनमधल्या मुलाखतींचं संमतीपत्र

नमस्कार मंडळी. पणजीहून दोन विद्यार्थिनी एका सत्रासाठी लिस्बनला निघाल्यात. मुक्काम पोर्तुगीज कुटुंबात, शिवाय तिथल्या गोंयकारांच्या 12 मुलाखती. पोर्तुगीज भाषेची बी1 (मध्यम) पातळी झालीय, पण पुस्तकी. तिथे आघात नसलेले स्वर गिळतात. 'तेलेफोने' कानावर 'त्लफॉन' असं पडतं. म्हणून पहिले तीन आठवडे नुसतं ऐकणं. तासाभराचं ध्वनिमुद्रण उतरवायला 6-7 तास सहज जातात, तेव्हा 12 सुद्धा जास्तच!

अडलंय संमतीपत्रावर. ओळख पटणारा आवाज म्हणजे वैयक्तिक माहिती, त्यामुळे 2018 पासूनचा युरोपीय जीडीपीआर (वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा) लागतो. हेतू, फाइल किती काळ ठेवणार, संमती मागे कशी घ्यायची, एवढं लिहिलंय. पण बोलणारा मध्येच कोंकणीवर आला, तर पोर्तुगीज मसुदा पुरतो की द्विभाषी हवा? वापरून झालेला नमुना कोणाकडे आहे का?