टाक्यांच्या जागी लाल मांस आलंय, कपडा लागला तरी झोंबतं. थांबू की दाखवू?

मैत्रिणींनो, बीड जिल्ह्यातल्या माहेराहून लिहितेय. पहिलं बाळंतपण, नॉर्मल झालं, पण खाली कट द्यावा लागला आणि टाके पडले. आता सव्वा महिना भरत आलाय. मधे जागा चांगली झाली होती. मांडी घालून बाळाला पाजता येत होतं, शौचालाही भीती वाटत नव्हती. मग बारशाला जीपनं सासरी जाऊन आलो. आमच्याकडचे रस्ते तुम्हाला ठाऊकच आहेत. तेव्हापासून जागा परत चिडलीय.

आरशात बघितलं. उजव्या बाजूला, कट जिथून सुरू होतो तिथं, ज्वारीच्या दाण्याएवढं लाल, ओलसर मांस दिसतं. हात लागला की थेंबभर रक्त येतं. लघवी करताना आग होते, कपडा घासला की झोंबतं. ताप नाही, पू नाही, घाण वास नाही. बाकीचे टाके विरघळून गेलेत.

त्यात हा उन्हाळा. घामानं मांड्या ओल्याच राहतात. गावात टँकर येतो, तोही रोज नाही, त्यामुळं टबात बसून शेक घ्या म्हणणाऱ्यांना काय सांगावं? आई म्हणते हळद-तेल लाव. जाऊबाई म्हणतात तुरटीच्या पाण्यानं धू. आजीचं म्हणणं, शेगडीची धुरी लवकर बंद केली म्हणून हे झालं. मेडिकलवाल्यानं न विचारता एक ट्यूब हातात दिली. अजून काहीच लावलेलं नाही, कारण सगळे मायेनं सांगतात पण प्रत्येकाचं वेगळं आहे.

मला एवढंच कळायला हवंय: हे आपोआप बसतं का? किती वाट बघायची? आणि कशाला घाबरून लगेच निघायचं? आमच्या आरोग्य केंद्रातले डॉक्टर चांगले आहेत, पण पुरुष आहेत. तिथं दाखवायचं म्हटलं की पाय उचलत नाही. नवऱ्याला सध्या जवळ येऊ नका म्हटलंय, पण तेही किती दिवस, हे कुणी सांगत नाही.

प्रतिसाद (निवृत्त सिस्टर, नांदेड)

लेकी, बरीच वर्षं प्रसूती वॉर्डात काम केलंय म्हणून लिहिते. न बघता खात्री कुणीच देऊ नये, मीही देत नाही. पण तू सांगतेस तसं मांस टाक्यांच्या जागी बऱ्याच जणींना येतं. जखम भरताना शरीर नवीन मांस तयार करतं, कधी ते गरजेपेक्षा जास्त येतं आणि त्यावर कातडी धरत नाही. म्हणून ते लाल, ओलं राहतं आणि लगेच रक्त येतं. हा कॅन्सर नाही आणि धुरी कमी पडली म्हणूनही होत नाही. काही जणींचं आपोआप बसतं. नाही बसलं तर डॉक्टर ओपीडीतच जादा मांस जाळणारी सिल्व्हर नायट्रेटची काडी लावतात. थोडं चुरचुरतं आणि त्याच दिवशी घरी येता येतं.

तोवर जागेला छेडू नकोस, हाच मोठा उपचार. हळद, तेल, तुरटी, डेटॉल, पावडर यातलं काहीच नको. ओल्या मांसावर हे सगळं झोंबतं. ट्यूबही डॉक्टरांना दाखवल्याशिवाय नको, कारण स्टिरॉइड असलेली मलमं सर्रास विकली जातात. शेगडी खाली घेऊन बसणं या उन्हात तर अजिबात नको. भाजलेल्या बाळंतिणी मी पाहिल्यात.

टबाची गरज नाही. पाणी उकळून गार कर आणि लघवी करतानाच तांब्यानं हळूहळू वरून सोड, आग कमी होते. पुढून मागं, मऊ सुती कापडानं टिपून घे, घासू नकोस. मग पंख्याखाली कुशीवर पड, हवा लागू दे. पॅड ओला झाला की बदल, भिजला नाही तरी चार तासांवर ठेवू नकोस. कापड वापरत असशील तर कडक उन्हात वाळव. बाळाला कुशीवर झोपून पाज. शौचाला कडक होऊ देऊ नकोस, पाणी भरपूर पी, लागलं तर रात्री ईसबगोल घे. दुखत असेल तर पॅरासिटामॉल, अंगावर पाजतानाही चालते.

आता निघायचं कधी ते. दुखणं कमी होत जायला हवं. कमी झालेलं दुखणं परत वाढलं तर दाखवायचंच, म्हणून तू या आठवड्यातच जा. पण ताप 100.4 च्या वर गेला, पू किंवा घाण वास आला, लाली पसरली, सूज घट्ट झाली, टाक्यांची जागा उघडली, लघवी अडली, हवा किंवा शौच योनीमार्गातून येऊ लागलं, किंवा तासाभरात पॅड पूर्ण भिजेल एवढं रक्त गेलं, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी. 108 ला फोन करायचा.

बाळंतिणीला 42 दिवसांपर्यंत जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यात तपासणी, औषधं आणि जाण्यायेण्याची गाडी मोफत असते. तुझे दिवस त्याच्या आसपास आलेत. आशाताईची 42 व्या दिवशीची भेटही याच सुमाराला असते. तिला नुसतं बाळाचं वजन करू देऊ नकोस, हे सांग. गाडीसाठी 102.

प्रतिसाद (परभणी)

ताई, मलाही हेच झालं होतं आणि मीही लाजेनं थांबले होते. पुरुष डॉक्टर असले तरी तपासताना सिस्टर किंवा तुमची आई सोबत हवी, हे मागायचा तुम्हाला हक्क आहे. नाही पटलं तर उपजिल्हा रुग्णालयात किंवा अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयात स्त्रीरोग विभाग आहे, तिथं लेडी डॉक्टर मागता येते.

आणि नवऱ्यानं जवळ येण्याचं म्हणाल तर ठरलेली तारीख नसते. सव्वा महिना संपला म्हणजे जखम बरी झाली, असं नाही. मांस बसलं, हात लावून दुखत नाही, तुम्हाला स्वतःला वाटतंय, तेव्हाच. अंगावर पाजताना तो भाग कोरडा पडतो. तिथलं हार्मोन त्या काळात कमी असतं, त्यामुळं बरी झालेली जागाही ओढल्यासारखी दुखते. माझ्या डॉक्टरांनी तपासून त्यासाठी क्रीम लिहून दिलं होतं. हे माहीत नसल्यामुळं किती बायका वर्षानुवर्षं गप्प सोसतात, याचा मला फार राग येतो. नवऱ्याला सोबत न्या, डॉक्टरांच्या तोंडूनच ऐकू द्या.

मूळ प्रश्नकर्ती

सिस्टर, ताई, दोघींचे मनापासून आभार. आईला वाचून दाखवलं, तिनं शेगडी बाजूला ठेवलीय. आशाताईशी बोलले, ती गुरुवारी सोबत येतेय आणि हेही येणार आहेत. एकच विचारायचं राहिलं. केसपेपरच्या खिडकीवर तक्रार काय सांगू? मागं रांगेत गावातलेच लोक असतात.

प्रतिसाद (निवृत्त सिस्टर, नांदेड)

बाळंतपणानंतरची तपासणी, एवढंच म्हण. खिडकीवर जास्त सांगावं लागत नाही. आत गेल्यावर मात्र सगळं सांग: कधी सुरू झालं, रक्त येतं, लघवीला आग होते, जवळ येण्याबद्दलही. डिस्चार्ज कार्ड सोबत ने. लघवीची तपासणी करायची का तेही विचार. आग नुसती जखमेची आहे की लघवीत इन्फेक्शन आहे, हे त्याशिवाय कळत नाही.